आमदारांचं जनसंपर्क कार्यालय: ड्रेनेजला 5 स्टार, प्रायव्हसीच्या प्रश्नाला 2

मागच्या शनिवारी आम्ही पाच जण आमच्या भागातल्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेलो होतो त्याचा हा रिव्ह्यू. नाव आणि पक्ष मुद्दाम देत नाहीये, मला पक्षावर लिहायचंच नाहीये, सर्व्हिसवर लिहायचंय.

आधी चांगलं सांगते. 10 ची वेळ लिहिलीये आणि 10 ला शटर उघडं होतं. बसायला खुर्च्या, पाण्याचा जार, आणि समोर बसलेली मुलगी एकदम शांत, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो ते तिनं माझ्यासमोर तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेळा न वैतागता सांगितलं. मी दोन वर्षांपूर्वी ड्रेनेजची तक्रार घेऊन आले होते तर चौथ्या दिवशी माणसं आली होती. त्यामुळे कामं होत नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही.

आमचं काम वेगळं होतं. आमच्या कोपऱ्यावर नवीन खांब आलाय, त्यावर कॅमेरे, आणि त्यातला एक सरळ आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांकडे तोंड करून आहे. तो कोणी लावला, फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतात हे दोन ठिकाणी विचारून झालं, कोणी सांगेना. त्यावरून बोलणं वाढत वाढत मोबाइलवर गेलं, फोन टॅपिंगवर गेलं, आणि मग ठरलं की आपण ज्यांना मत देतो त्यांनाच विचारू.

रजिस्टरमधे विषयाचे कॉलम आहेत, पाणी, ड्रेनेज, रस्ते, दाखले, वैद्यकीय मदत, इतर. आम्ही 'इतर' मधे गेलो. पीएंनी अर्ज वाचला आणि पहिलंच वाक्य, "ताई हा केंद्राचा विषय आहे, खासदारांकडे जा." हे उत्तर पुढच्यांनाही मिळणार म्हणून नीट लिहिते, कारण ते अर्धंच खरं आहे. टेलिकॉमचा कायदा केंद्राचा, मान्य. पण पोलीस हा राज्याचा विषय आहे, आणि राज्यात कोणाचा फोन ऐकायचा असेल तर त्याचा आदेश राज्याच्या गृह खात्याचे सचिव देतात. तो आदेश एका वेळी 60 दिवस आणि वाढवून वाढवून जास्तीत जास्त 180 दिवस चालतो, आणि आदेश बरोबर होता का हे तपासायला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक आढावा समिती असते जिनं दोन महिन्यांतून एकदा तरी बसायचं असतं. सुप्रीम कोर्टानं 1996 मधे घालून दिलेल्या चौकटीवरून हे नियम आले. म्हणजे आदेश काढणारे पण सरकारी अधिकारी आणि तपासणारे पण सरकारी अधिकारी, मधे कुठेही न्यायाधीश नाही. मग यावर प्रश्न विधानसभेत नाही विचारायचा तर कुठे विचारायचा?

हे सगळं मी बोलले (घरून लिहूनच नेलं होतं), पीएंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले थांबा, साहेब साडेबाराला येतील. आणि आले खरंच. वीस मिनिटं दिली. याचे मार्क मी पूर्ण देते, बाहेर तेव्हा तीसेक माणसं ताटकळत होती.

आत गेल्यावर आमच्याकडून सगळ्यात नीट कोण बोललं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बँकेतून रिटायर झालेल्या. साहेब म्हणाले, काकू कॅमेरा तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. तर काकू म्हणाल्या, "सुरक्षेला माझी ना नाही हो. 2010 ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर झाले, आम्ही तेव्हा इथेच होतो. रस्त्यावर कॅमेरा लावा, दहा लावा. पण मी माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालते ते कोण बघतंय, त्याचं पद काय, आणि ते किती दिवस साठवून ठेवतात एवढं मला सांगा की." यावर साहेब गप्प झाले आणि पीएंना म्हणाले लिहून घ्या. मला त्या गप्प होण्याचं बरं वाटलं, कारण निदान खोटं काही सांगितलं नाही.

आम्ही चारच प्रश्न दिलेत. भागातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज किती दिवस ठेवतात आणि ते बघायचा अधिकार कोणाला, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर त्याला जोडलंय का, गेल्या वर्षात राज्यानं फोन ऐकायचे एकूण किती आदेश काढले, आणि आढावा समिती किती वेळा बसली. नावं नकोत कोणाची, फक्त आकडे. आकडा दिल्यानं तपासाला धोका होतो असं मला सांगण्यात आलं, पण 2013 मधे केंद्राच्या गृह खात्यानं माहिती अधिकारात सांगितलं होतं की महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात, तेव्हा काही आकाश कोसळलं नव्हतं.

मग "माहिती अधिकारातच टाका ना" असं पीए म्हणाले. टाकणारच आहोत. पण इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये आणि मला ती फार लागलीये. माहिती अधिकार कायद्यात 8(1)(ञ) हे कलम आहे, कोणाची वैयक्तिक माहिती द्यायला नकार देता येतो त्याबद्दलचं, त्याच्या शेवटी एक ओळ होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे मी आणि आमदार, माहिती मागताना एका पातळीवर. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम बदललं, ती ओळ गेली, आणि नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू आहे. वर त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय केंद्राकडे आहे. प्रायव्हसीच्या नावानं आलेला कायदा, 2017 मधे नऊ न्यायाधीशांनी एकमतानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं त्याच्यानंतर आलेला, आणि त्यात माझा विचारायचा हक्क कमी झाला. म्हणून तर आता आमदारांनी विचारणं जास्त गरजेचं आहे, हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा चढला होता, पण मला ते मनापासून वाटतं. आणि राजकारण्यांना तर हे समजायला हवं, खोट्या नावांनी नेत्यांचे फोन ऐकल्याचा आरोप होऊन 2022 ला गुन्हा पुण्यातच बंडगार्डनला दाखल झाला होता, पुढे हायकोर्टानं तो रद्द केला ही गोष्ट वेगळी.

आता 2 स्टार का. तारांकित प्रश्न टाकणार का असं मी सरळ विचारलं, तर "बघू, गृह खात्याला पत्र देतो" एवढंच. पत्र आणि प्रश्न यात फार फरक आहे. पत्राला उत्तर आलंच पाहिजे असं नाही, तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून बोलावं लागतं आणि उपप्रश्न येतात, आणि ते छापलं जातं. दुसरं म्हणजे अर्जाची पोच मागितली तर आधी "इथे पोच देत नाही" म्हणाले, मी उठले नाही तेव्हा शिक्का मिळाला.

जाणाऱ्यांनी अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. एकटे जाऊ नका, चार-पाच जण असले की आत बोलावतात. आणि उशीर करू नका, कारण टॅपिंगच्या नोंदी पुढे लागणार नसतील तर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असा नियम आहे.

आमच्या पोचेवर आवक नंबर हातानं लिहिलाय, निळ्या पेनानं. काकूंनी त्याची झेरॉक्स काढून सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावलीये, आणि त्याच्याखाली आत्तापर्यंत अकरा घरांनी सह्या केल्यात.