आधी ‘माझा प्रवास’ की आधी ‘स्मृतिचित्रे’?

कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, आता खरं घडलेलं काही वाचायचंय, पण इतिहासाचे जाडजूड ग्रंथ नकोत, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. मी दोन्ही नुकतीच पाठोपाठ वाचली. अभ्यासक म्हणून नाही. नागपुरात लोकमान्यनगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत आणि रात्री कूलरसमोर जमेल तेवढं, असं माझं वाचन. तुमचंही तसंच असेल तर पुढचं कदाचित उपयोगी पडेल.

पेणजवळच्या वरसईचे कर्जबाजारी भटजी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर निघतात आणि १८५७च्या धामधुमीत सापडतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वाचताना खरी पकड घेतात ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली पानं. १८५८च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा भटजी गावातच होते. जीव मुठीत धरून लपणं, लूट, राजवाड्यातल्या ग्रंथांची झालेली नासधूस, हे वाचताना माझं स्टेशन मागे पडता पडता राहिलं. आणि मग काल्पीच्या वाटेवरची ती विहीर. राणी पठाणी वेषात, अंगभर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती नको म्हणते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावं हे तिला पटत नाही. मडकं स्वतः विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. आपल्याकडे झाशी राणी चौकाचं नाव दिवसातून दहादा तोंडी येतं, पण ती राणी तहानलेली, थकलेली अशी मला पहिल्यांदा इथे दिसली.

एवढं असूनही पुस्तक माझ्या मनात एका जागी अडलं, ते सविस्तर सांगायला हवं.

भटजींनी हे लिहिलं १८८३च्या सुमारास, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून. त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अशी, की पाहिलेलं आणि ऐकलेलं ते एकाच सुरात सांगतात. विहिरीपाशी ते स्वतः हजर होते. कानपूरची नानासाहेबांची लढाई त्यांनी पाहिलेली नाही. ग्वाल्हेरला जून १८५८मध्ये राणी पडली तेव्हाही ते तिथे नव्हते. पण सांगण्याची धाटणी तीच, तपशील तितकेच भरगच्च, खात्री तेवढीच. मी शेवटी पेन्सिल घेऊन समासात ‘पा’ आणि ‘ऐ’ अशी अक्षरं टाकायला लागलो. काही पानं गेली, की आपण कुठल्या बाजूला आहोत ते पुन्हा सुटायचं. मग मागे जा, भटजी तेव्हा कुठे मुक्कामाला होते ते शोधा, पुन्हा पुढे या. निवांत बसून वाचणाऱ्याला यात गंमतही वाटेल. सत्तावन्नच्या बातम्या रस्त्यारस्त्यावर कशा पसरल्या असतील ते यातून कळतं, हेही खरंच. पण खरं घडलेलं वाचायचं म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला दर चार पानांनी ‘हे खरं का?’ विचारावं लागलं तर तो दमतो. मी दमलो.

त्यात पाठांची, म्हणजे एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या मजकुरांची, भानगड आहे. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी लिहिलं. वैद्यांनी ते १९०७मध्ये छापलं, पण स्वतःचा हात फिरवून. मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा पुस्तक घ्याल तर प्रस्तावना उघडून कुठला पाठ हातात आलाय ते आधी पाहा.

‘स्मृतिचित्रे’ हीसुद्धा आठवणच आहे, पुरावा नव्हे. तिथेही सत्तावन्न आहेच: आजोबांना त्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! हे लक्ष्मीबाईंच्या जन्माआधी सुरू झालेलं, म्हणजे घरच्यांकडून कळलेलं. पण त्याचा जाच त्या घरात त्यांनी स्वतः पाहिला, सोसला, म्हणून वाचताना पाय जमिनीवर राहतात. (सहज आठवलं: दोन्ही पुस्तकांतल्या लक्ष्मीबाई माहेरच्या मनूच.)

आपल्या बाजूला या पुस्तकाचा थेट धागाही आहे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने होते, आणि १८९३मध्ये राजनांदगावच्या गाडीतच एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला. १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. पुढची पाच वर्षं लक्ष्मीबाईंची ओढाताण, मग स्वतःचा बाप्तिस्मा. त्यांचं सोवळं एका रात्रीत सुटत नाही. आज हे सैल झालं, उद्या ते, असं सुटत जातं, आणि त्या ते कुठलाही आव न आणता सांगतात. नवऱ्यावर चिडतात, हसतात, पुन्हा त्याच्याच मागे उभ्या राहतात. प्रसंग छोटे, संवाद खटकेबाज. सुभाषनगरला सुरू केलेला प्रसंग शंकरनगर चौकाच्या आत पुरा होतो.

दोष आहेत. नातेवाइकांची नावं सुरुवातीला गोंधळात टाकतात, आणि शेवटाकडे मला जोर थोडा ओसरल्यासारखा वाटला. इतरांना तसं वाटेलच असं नाही.

सत्तावन्नवरचं एखादं नीट पुस्तक आधी वाचून झालं असेल, तर खुशाल गोडसे भटजींपासून सुरुवात करा. पाहिलेलं-ऐकलेलं तुम्हाला आपोआप वेगळं करता येईल आणि मला जाचलेली गोष्ट तुम्हाला जाचणारही नाही. बाकीच्यांनी माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’ आधी घ्यावं. फक्त घेताना आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ असं छापलेलं नाही ना, तेवढं बघा. संक्षेपही निघालेले आहेत, आणि या पुस्तकातली एकही ओळ कमी झालेली मला चालणार नाही.