बिलाचे ५,५८० रुपये वाचवले त्याची गोष्ट

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. एका पीसीसाठी ३१,००० रुपये. त्यातले २०,००० यूपीआयने, ११,००० रोख. बिल नाही. आणि मी एका पतसंस्थेत चौदा वर्षं व्हाउचर तपासायचं काम करतो. चहाची पावती विसरलेल्या शिपायाला परत टपरीवर पाठवणारा तो मीच.

पैसे माझेही नव्हते. ताईची भिशी लागली होती. भाच्याची बारावी झाली आणि त्याला गेम खेळता येईल, शिवाय यूट्यूबवर लाइव्ह जाता येईल असा पीसी हवा होता. मॉनिटर घरात होता. ताई म्हणाली, "तू जा बरोबर, तुला त्यातलं कळतं." कळतं म्हणजे काय, तर नात्यातल्या सगळ्यांचे प्रिंटर मी जोडून देतो.

भाच्याने वहीच्या पानावर यादी केली होती. रायझन ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, बरा एसएमपीएस (म्हणजे सगळ्याला वीज पुरवणारा डबा). पडद्यावर चित्र आणणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच. ५६००जीच्या पोटातच ग्राफिक्स असतं, व्हॅलोरंटसारखा गेम आरामात चालतो, लाइव्हही जाता येतं, कार्ड पुढच्या वर्षी बघू, असा त्याचा हिशेब. ती यादी जशीच्या तशी घेतली असती तर आज हे लिहीत बसलो नसतो.

दुकान रीलमधून सापडलं. बदलापूरहून दादर, दादरहून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत दुसरा मजला. त्या रस्त्यावर प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत, वर्षानुवर्षं लोक तिथून माल नेतात. आम्ही नेमके याच्याकडे गेलो. हा मराठी बोलला, चहा मागवला, "आपल्या माणसाला जास्त लावणार नाही" म्हणाला. हो, विरघळलो. तुम्हीही विरघळला असतात.

त्याने यादीवर नजर टाकली आणि भाच्याला विचारलं, "लाइव्ह करायचंय ना? मग एनव्हेंक नको का?" बरोबर नसेवर बोट ठेवलं. एनव्हेंक म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डातला व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे आकसून पाठवण्याजोगा करणारा भाग. ते काम कार्डाने केलं की प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो. यात खोटं काहीच नाही. लबाड माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो. मग म्हणाला, "५६००जी काढा, ५५०० घ्या. वाचलेल्या पैशात जीटीएक्स १०५० टीआय कार्ड बसवतो, ४ जीबी, बॉक्स पीस." ५५०० म्हणजे जवळपास तीच चिप, फक्त आतलं ग्राफिक्स बंद केलेलं. म्हणजे कार्ड गेलं की पडद्यावर काळोख. हे त्याला माहीत होतं. भाच्यालाही माहीत होतं. मला नव्हतं, आणि पैसे माझ्या खिशात होते.

त्याने कागदावर लिहिलेले भाव असे: प्रोसेसर ७,२००. ए५२० बोर्ड ४,६००. रॅम ३,०००. एसएसडी २,९००. कार्ड ८,५००. एसएमपीएस २,४००. कॅबिनेट १,९००. जोडणी ५००. एकूण ३१,०००. "बिल हवं तर १८ टक्के वर, ५,५८०. नसेल तर हा माझा शब्द, तीन महिने दुकानाची वॉरंटी." व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्याने 'वॉरंटी ३ महिने' लिहून दिलं. खाली सही केली, तीही वाचता न येणारी.

आता तो क्षण, ज्यासाठी रोज रात्री मी स्वतःला शिव्या घालतो.

त्याने कार्ड बॉक्समधून काढून टेबलावर ठेवलं. भाच्याने ते उलटंपालटं केलं आणि हळूच म्हणाला, "मामा, याला व्हीजीए कसं?"

मागच्या पट्टीवर निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट होतं. आपल्या जुन्या मॉनिटरला असायचं ते. १०५० टीआय २०१६ सालचं, पास्कल पिढीचं कार्ड. त्या पिढीपासून एनव्हिडियाने चिपमधून व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच काढून टाकलं. अशा कार्डावर व्हीजीए दिसलं तर तिथूनच जिना उतरायचा. पोराला हे ठाऊक होतं. दुकानदार क्षणभर थांबला, मग हसून म्हणाला, "आपल्याकडे लोकांचे मॉनिटर जुने असतात ना, म्हणून इंडिया मॉडेल काढलंय."

आणि मी काय केलं? भाच्याला म्हणालो, "त्यांना धंदा शिकवू नकोस." वर हसलोसुद्धा. तो गप्प बसला.

दुसरी खूणही तिथेच मिळाली होती. पीसी चालू करून त्याने दाखवला, सिस्टममध्ये नाव चोख १०५० टीआय, दहा मिनिटं जुनं काउंटर-स्ट्राइक चाललं. निघताना सहज म्हणाला, "ड्रायव्हर मी टाकलेत, अपडेट करू नका, नवीन व्हर्जन हँग होतात." ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. खरं कार्ड विकणारा असं कशाला सांगेल? पण मला वाटलं, किती काळजीने सांगतोय.

घरी आल्यावर ओबीएस या लाइव्ह जायच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडरची यादी उघडली तर फक्त एक्स२६४. एनव्हेंकचं नाव नाही. सगळा भार प्रोसेसरवर, लाइव्ह अडखळत. भाच्याला वाटलं आपलंच सेटिंग चुकतंय, दोन रात्री तो व्हिडिओ बघत बसला. जीटीए ५ हा गेम लोड होताना स्क्रीन काळी. शेवटी मी (दुकानदाराची 'काळजी' बाजूला ठेवून) एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकायला गेलो, तर उत्तर आलं की या ड्रायव्हरला चालणारं हार्डवेअरच मशीनमध्ये नाही. मग भाच्याने कार्डाची खरी ओळख दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवलं. नावाआधी चौकटी कंसात एकच शब्द: फेक.

आत जीएफ१०६ चिप. म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५० कार्ड. शेडर, म्हणजे चिपमधले छोटे गणक, ७६८ हवे होते, आहेत १९२. कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला १०५० टीआयचं नाव चिकटवलेलं, आणि ४ जीबी फक्त सांगण्यापुरते. एनव्हेंक त्या चिपच्या नंतरच्या पिढीत आलं, ते यादीत दिसणार कुठून! त्या पिढीला २०१८ सालीच एनव्हिडियाने नव्या ड्रायव्हरमधून वगळलं. "अपडेट करू नका" चा अर्थ हा.

जीपीयू-झेड फुकट आहे, पेन ड्राइव्हमध्ये मावतं. दुकानातच चालवा. चालवू देत नसेल तर उठा.

मग एसएमपीएसही काढून बघितला. हातात खेळण्यासारखा हलका. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट, आणि स्टिकरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॉट. ही ओळ मोबाइलचा टॉर्च लावून वाचायची असते.

फोन केला तर पहिलं वाक्य, "ड्रायव्हर अपडेट का केला? वॉरंटी गेली." मी व्हीजीएचं काढलं तर म्हणाला, "तुम्ही कार्ड बदलून आणत नाही कशावरून?" रजा टाकून गेलो तर "शेठ गावाला गेलेत." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्याकडेच बिल मागितलं. ज्याने बिल दिलं नाही तोच बिल मागतोय!

मग सुरू झाली खरी वारी. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, दुकान तिकडे आहे, तिकडे जा. तिकडे गेलो, दोन तास बाकावर बसलो, तर म्हणे हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही; जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. फसवणुकीचं कलमही न्याय संहितेत ३१८ म्हणून बसलेलं आहे. पण समोर हवालदार जेवणाचा डबा उघडत असताना कलमं म्हणून दाखवायला वेगळी छाती लागते. एकाने तर विचारलं, "पोराला अभ्यासाऐवजी गेमला कशाला पैसे दिले?" तक्रार फसवणुकीची, चौकशी आमच्या संस्कारांची.

सायबरवाल्यांचं म्हणणं, तुम्ही समोर उभं राहून पैसे दिले, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल नंबरचा रकाना सक्तीचा. तिथे शून्य टाकलं. अठरा दिवसांनी मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल, कोणी लावला, काही नाही.

आणि या सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की बिल नाही तर काही होणार नाही. नंतर ओळखीच्या वकिलाने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून दाखवला. बिल न देणं हीच त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. सदोष माल परत न घेणंसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. यूपीआयची नोंद पुरावा म्हणून लावता येते. म्हणून सांगतो, भाव कितीही गोड असो, रोख देऊ नका. माझे २०,००० तरी कागदावर आहेत. ११,००० मी दिलेच नाहीत असं तो उद्या बिनधास्त म्हणेल. वकील म्हणतो, दाखल कर. कागद जमवतोय. पुन्हा रजा टाकायची, पुन्हा साहेबांना कारण सांगायचं, आणि खरं कारण सांगायची लाज वाटते.

पीसी सध्या चालू आहे. ५५०० सेकंडहँड ५,००० ला गेला, ५६००जी ११,३०० ला घेतला, बिलासकट. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. तेही करा, नाहीतर वॉरंटीला बॉक्स बदलतात. एसएमपीएस नवा, ३,४५०. कार्डाचे ८,५००, जुन्या एसएमपीएसचे २,४०० आणि प्रोसेसरच्या अदलाबदलीतले ६,३००, म्हणजे १७,२०० पाण्यात. बिलाचे ५,५८० वाचवायला गेलो होतो. ताईला अजून फक्त 'कार्ड खराब निघालं' इतकंच माहीत आहे. हे वाचलं तर कळेल.

भाचा लाइव्ह जातो आता, वहीतल्या यादीवरच. त्या दिवसाबद्दल तो मला एक शब्द बोललेला नाही. परवा रात्री मात्र त्याने मला एक रील पाठवलं. तेच दुकान, तोच चहा, 'गेमिंग अँड स्ट्रीमिंग पीसी ३१,००० फक्त'. त्याने एका जागी थांबवून स्क्रीनशॉटही जोडला होता. टेबलावर कार्ड, आणि पट्टीवर ते निळं पोर्ट. खाली लोक विचारतायत, "दादा, पत्ता?"