रोपवाटिकेतून आणलेली युफोर्बिया मिलीची दोन रोपे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या एका रोपवाटिकेतून मी मागील उन्हाळ्यात युफोर्बिया मिली या काटेरी फुलझाडाची दोन रोपे प्रत्येकी ऐंशी रुपयांना घेतली. रोपे काटक होती, खोडावर काटे दाट होते आणि लाल फुलोराही आलेला होता. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती खरे तर रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलालगतची पाने, असतात आणि फुले त्यांच्या मधोमध अगदी लहान असतात.

मात्र माझी एक तक्रार आहे. हे झुडूप मूळचे मादागास्करच्या कोरड्या, खडकाळ भागातले असूनही त्या रोपवाटिकेने ते कपाशीच्या शेतातल्या काळ्या मातीत भरून दिले होते. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात एका रोपाचे मूळ कुजले आणि ते गेले. दुसरे मी वेळीच काढून जाड रेती, मुरूम आणि थोडे शेणखत यांच्या मिश्रणात लावले, तेव्हा ते सावरले. आता पूर्ण उन्हात ठेवून, माती पूर्ण वाळल्यावरच पाणी देतो. मे महिन्याच्या आमच्याकडील उन्हातही ते टवटवीत राहिले.

फांदी कापताना निघणारा पांढरा चीक कातडीला व डोळ्यांना त्रासदायक असतो, ही सूचना विक्रेत्याने स्वतःहून द्यायला हवी होती, कारण घरोघरी लहान मुले व जनावरे असतात. नवे रोप करायचे असल्यास कापलेली फांदी सावलीत काही दिवस वाळवून मगच रेतीत खोचावी. रोपांच्या निवडीला मी चांगले गुण देईन, मातीला नाही.