एसटीपी, आरएसटीपी की एमएसटीपी? तीन मजल्यांच्या ऑफिससाठी निवड

अंधेरीच्या एमआयडीसीत तीन मजल्यांचं ऑफिस, दर मजल्याला एक-दोन स्विच, आणि एक केबल तुटली तरी काम अडू नये म्हणून मजल्यांमध्ये दुहेरी केबल. लॅमिंग्टन रोडला खरेदीला निघण्याआधी प्रश्न येतोच: लूप, म्हणजे केबलींचं बंद वर्तुळ, रोखायला साधा एसटीपी (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल) पुरेल, की त्याचे पुढचे प्रकार आरएसटीपी (रॅपिड, म्हणजे जलद) किंवा एमएसटीपी (मल्टिपल, म्हणजे अनेक झाडांचा) असलेला स्विच घ्यावा? माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी आरएसटीपी घ्यावा.

दुहेरी केबल टाकली की वर्तुळ तयार होतं. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांसाठीचा डेटाचा तुकडा, आली की स्विच ती आलेलं पोर्ट वगळून बाकी सगळीकडे पाठवतो. आयपी पॅकेटवर टीटीएलचा आकडा असतो, तो दर राउटरपाशी एकाने घटतो आणि शून्यावर पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेट फ्रेमला अशी मर्यादाच नाही. ती फिरत राहते, तिच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत सगळ्या केबली तुंबतात.

गोरेगावच्या एका गाळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. साफसफाईनंतर कुणीतरी लोंबणारी पॅच कॉर्ड भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटात खोचली. दोन्ही टोकं एकाच स्विचला गेली. सगळ्या पोर्टांचे दिवे एका लयीत लुकलुकत होते आणि फोन, प्रिंटर, कॅमेरे बंद. दोष सापडायला अर्धा दिवस गेला, कारण त्या स्विचवर एसटीपी मुद्दाम बंद केला होता. का, तर चालू ठेवला की कॉम्प्युटर नेटवर्कवर उशिरा येतात! तक्रार खरी होती, पण उपाय चुकीचा होता.

तो उशीर जुन्या एसटीपीचा. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना हा प्रोटोकॉल रचला, १९९० मध्ये तो ८०२.१डी या मानकात आला. सगळे स्विच मिळून एक रूट, म्हणजे मूळ स्विच, निवडतात, प्रत्येक जण रूटकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरतो, आणि वर्तुळ पूर्ण करणारं पोर्ट अडवून ठेवलं जातं. केबल शाबूत राहते, फक्त वाहतूक थांबते. मुख्य केबल तुटली की अडवलेली वाट खुली होते, पण घड्याळाच्या हिशेबाने: १५ सेकंद ऐकणं, १५ सेकंद शिकणं. दूरची केबल तुटली असेल तर आधी २० सेकंदांची वाट पाहणं, म्हणजे एकूण ५०. सकाळी पीसी चालू केला तरी त्याचं पोर्ट ३० सेकंद थांबतं. तोवर डीएचसीपीच्या, म्हणजे नेटवर्कचा पत्ता मागणाऱ्या, विनंत्या वाया जातात आणि पीसी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो.

आरएसटीपी, म्हणजे २००१ चा ८०२.१डब्ल्यू, इथेच सरस ठरतो. पर्यायी पोर्ट आधीच ठरलेलं असतं. शेजारचे दोन स्विच एकमेकांशी प्रस्ताव आणि होकार यांची देवाणघेवाण करतात आणि घड्याळाची वाट न पाहता वाट खुली करतात. शेजारचा गप्प झाला हे तीन संदेश चुकले की, म्हणजे ६ सेकंदांत कळतं. पीसीचं पोर्ट ‘एज’ (कडेचं) म्हणून नोंदवलं की ते लगेच सुरू होतं. त्यावर बीपीडीयू गार्ड जरूर लावा (बीपीडीयू म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश): तिथे दुसऱ्या स्विचचा संदेश आला की पोर्ट बंद पडतं. मात्र टेबलाखालचा स्वस्त स्विच हे संदेश गिळून टाकत असेल, तर त्याच्यातला लूप वरच्या स्विचला दिसणारच नाही. असे स्विच ऑफिसात आणूच नका. आणि जाळ्यात एक जुना एसटीपीवाला स्विच राहिला तर त्याच्याकडचं पोर्ट जुन्याच चालीने चालेल.

एमएसटीपी कधी? साध्या एसटीपीत आणि आरएसटीपीतही सगळ्या व्हीलॅनना (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कना) मिळून रूटपासून फुटणाऱ्या वाटांचं एकच झाड असतं, त्यामुळे दुसरी केबल रिकामी पडून राहते. एमएसटीपीत व्हीलॅनचे गट करून कॅमेरे एका वाटेने, कॉम्प्युटर दुसऱ्या वाटेने नेता येतात. पण प्रदेशाचं (एकसारख्या सेटिंगच्या स्विचांच्या गटाचं) नाव, आवृत्तीचा आकडा आणि व्हीलॅनची वाटणी प्रत्येक स्विचवर तंतोतंत सारखी लागते. एका ठिकाणी चूक झाली की तो स्विच वेगळा प्रदेश धरला जातो. ठरलेला नेटवर्क इंजिनिअर नसेल तर या वाटेला जाऊ नका. त्याच दोन स्विचांमध्ये दोन केबली असतील तर त्या एलएसीपीने (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या प्रोटोकॉलने) बांधा. दोन्ही वापरात येतात आणि झाडाला ती एकच केबल दिसते.

काहीही निवडलं तरी रूट स्वतः ठरवा. ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा सर्वांत लहान, तो रूट. कारखान्यातून प्रत्येक स्विच ३२७६८ प्रायॉरिटी घेऊन येतो, मग सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (हार्डवेअरच्या पत्त्याचा) स्विच रूट होतो, मग तो कोपऱ्यातला जुना डबा का असेना. मुख्य रॅकमधल्या स्विचला ४०९६ द्या, त्याच्या जोडीदाराला ८१९२. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी दोन्ही केबली आळीपाळीने उपसा आणि पिंग (नेटवर्क चालू आहे का ते तपासणारी आज्ञा) किती सेकंद थांबतो ते रॅकच्या दारावर लिहून ठेवा.