तलवारीचा फासा, खलनायकाचं आयुष्य: पहिल्या टेबलटॉप कॅम्पेनसाठी कोणते नियम घ्यावेत?

व्हिडिओ गेममधून टेबलटॉप रोल-प्लेइंगकडे (टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवण्याच्या खेळाकडे) वळणारे गट सहसा आधी वातावरण ठरवतात: ड्रॅगन, भयकथा की चोरांची टोळी. वातावरण नंतरही बदलता येतं. नियम निवडताना दोनच गोष्टी तपासून घ्याव्यात. एक घाव बसला की नेमकं काय होतं? आणि मुख्य खलनायक किती फेऱ्या तग धरतो? या दोन प्रश्नांवर खालचे चार पर्याय एकमेकांपासून अगदी वेगळे पडतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) खेळलेल्यांचा निम्मा अभ्यास झालेलाच असतो. डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, आलेल्या आकड्यात बोनस जोडायचा, समोरच्याच्या आर्मर क्लासइतका (बचावाच्या आकड्याइतका) किंवा त्याहून जास्त आकडा आला की घाव बसला. पण तिथली सवय टेबलावर नडते. त्या गेममध्ये धक्का देणं आणि औषध पिणं बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य ॲक्शनशिवाय मिळणाऱ्या छोट्या जादा ॲक्शनमध्ये) होतं. २०१४च्या छापील नियमांत धक्क्यासाठी एक हल्ला सोडावा लागतो आणि औषधाला पूर्ण ॲक्शन लागते; २०२४च्या सुधारित नियमांत औषधही बोनस ॲक्शनवर आलं. कोणत्या वर्षाचे नियम चालणार हे पहिल्या सेशनआधी ठरवलं नाही, तर ऐन लढाईत वाद ठरलेला.

शस्त्रांचं गणित सोपं, पण त्यात गंमत आहे. ग्रेटसोर्डचा मार २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे), ग्रेटॲक्सचा १डी१२. सरासरी ७ विरुद्ध ६.५, म्हणजे तलवार सरस. शिवाय तलवारीने १ पडणं शक्यच नाही. पण पूर्ण १२ तलवारीला ३६ पैकी एकदाच पडतात, कुऱ्हाडीला १२ पैकी एकदा. २०१४च्या नियमांत वरच्या लेव्हलच्या बार्बेरियन वर्गाच्या पात्राला क्रिटिकलवर (जबर घावावर) शस्त्राचा एक जादा फासा मिळतो. तो तलवारीसाठी डी६ असतो आणि कुऱ्हाडीसाठी डी१२, त्यामुळे तिथे कुऱ्हाड पुढे सरकते. एवढा फरक सोडला तर २०१४च्या नियमांत बहुतेक शस्त्रं हातात सारखीच वाटतात. ही उणीव २०२४मध्ये ‘वेपन मास्टरी’ने बरीच भरून काढली. ग्रेटसोर्डचा नेम चुकला तरी थोडा मार लागतो, मॉलने (मोठ्या हातोड्याने) समोरचा आडवा होऊ शकतो, लाँगसोर्ड लागल्यावर शत्रूचा पुढचा हल्ला लंगडा पडतो. शस्त्रांची आवड असलेल्या गटाने २०२४चेच नियम घ्यावेत.

खलनायकाच्या बाबतीत मात्र हे नियम नवख्या डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) हमखास तोंडघशी पाडतात. पाचव्या लेव्हलचा लढवय्या एका खेपेला (स्वतःच्या पाळीत) दोन हल्ले करतो. बोनस +७, समोर आर्मर क्लास १५, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवेत: शक्यता ६५ टक्के. सरासरी मार ७ अधिक ४, म्हणजे ११. दोन हल्ल्यांचे मिळून सुमारे १४. असे चार वीर धरले तर फेरीला ५७. म्हणजे ११० हिट पॉइंटचा (एवढा मार सोसू शकणारा) सरदार दुसऱ्या फेरीअखेर जमिनीवर, आणि तोवर त्याला जेमतेम दोनदा हात उचलायला मिळालेले! हिट पॉइंट दुप्पट केल्याने लढाई फक्त लांबते, रंगत नाही. इलाज आहे तो खेपा वाढवण्याचा. २०१४च्या पुस्तकातला प्रौढ लाल ड्रॅगन २५६ हिट पॉइंटवर टिकत नाही. इतरांच्या खेपांच्या शेवटी मिळणाऱ्या तीन लेजेंडरी ॲक्शनवर टिकतो. शिवाय दिवसातून तीनदा तो फसलेला सेव्ह (जादूसारख्या संकटातून वाचण्याचा रोल) यशस्वी ठरवू शकतो. हीच युक्ती छोट्या खलनायकालाही द्यावी: फेरीला एक जादा हालचाल, एकदाच वापरता येणारा एक वाचलेला सेव्ह, आणि सोबत तीन-चार हस्तक.

आणखी एक. ‘पोर्टल’मधली (२००७) संगणक-खलनायिका ग्लाडोस जवळजवळ अख्खा गेम स्पीकरवरून टोमणे मारते, कारण शेवटापर्यंत खेळाडू तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही. टेबलावर असं संरक्षण नसतं. खलनायक भाषण द्यायला दारात उभा राहिला की पहिल्याच वाक्याला कोणीतरी म्हणणार, “मी बाण सोडतो.” आणि नियम त्याला ते करू देतात. म्हणून त्याचा आवाज आधी आणावा, पत्रातून, आरशातून किंवा ओलिसाच्या तोंडून. शरीर शेवटी.

पाथफाइंडर, दुसरी आवृत्ती

हा पर्याय बिल्ड (पात्राच्या कौशल्यांची आणि शस्त्रांची जुळवणी) बनवण्यात रात्र घालवणाऱ्यांचा. मूळ पुस्तक २०१९चं, सुधारित आवृत्ती २०२३पासूनची. प्रत्येकाला खेपेला तीन ॲक्शन मिळतात; पण दुसऱ्या हल्ल्याला −५ आणि तिसऱ्याला −१० (चपळ शस्त्राला −४ आणि −८). नवखे खेळाडू तिन्ही ॲक्शन हल्ल्यावर उधळतात आणि तिसरा बहुधा वाया जातो. तीच ॲक्शन ढाल उचलायला, धाक दाखवायला किंवा शत्रूच्या मागे सरकून त्याला कोंडीत पकडायला वापरली तर सगळ्या गटाचं भलं होतं. कारण इथे आर्मर क्लासपेक्षा १० जास्त आले की क्रिटिकल, त्यामुळे साध्या +१चंही दुहेरी मोल. घाव बसण्याची शक्यता वाढते आणि क्रिटिकलचीही.

शस्त्रांमध्ये याची बरोबरी बाकी तिघांत कोणी करत नाही. रेपिअरचा (पातळ टोकदार तलवारीचा) मार नुसता डी६, पण क्रिटिकलला वर एक डी८. ग्रेटपिकचा (मोठ्या टोकदार कुदळीसारख्या शस्त्राचा) डी१०, आणि क्रिटिकल होताच सगळे फासे डी१२चे होऊन वर आणखी एक डी१२. म्हणजे ग्रेटपिकवाल्याने आधी शत्रूला कोंडीत आणायला जोडीदार शोधावा आणि मग घाव घालावा. ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये शस्त्र बदललं की खेळायची पद्धतच बदलते, त्या अनुभवाच्या सर्वांत जवळ हेच नियम जातात.

खलनायकाचा हिशोब इथे भरवशाचा. चार जणांच्या गटासाठी ८० एक्सपीची (लढाईचं वजन मोजणाऱ्या गुणांची) लढाई मध्यम, १२०ची कठीण, १६०ची जीवघेणी. गटाच्या लेव्हलपेक्षा दोनने वरचा शत्रू ८०चा, तीनने वरचा १२०चा, दोनने खालचा २०चा. कागदावर +३चा एकटा बॉस आणि ‘+२चा बॉस अधिक −२चे दोन हस्तक’ सारखेच, १२०. पण पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला पहिली जोडणी टाळावी. +३च्या बॉसचा साधा हल्लाही क्रिटिकल होत राहतो, वीर एका घावात लोळतो आणि खेळाडूंचे स्वतःचे हल्ले मात्र हवेत जातात. अशी लढाई कठीण असते त्याहून जास्त कंटाळवाणी.

कॉल ऑफ कथुल्हू, सातवी आवृत्ती

या भयकथांच्या खेळात शस्त्र हा बहुतेक वेळा चुकलेल्या बेताचा पुरावा असतो. पात्राचे हिट पॉइंट म्हणजे काटकपणा आणि आकारमान यांची बेरीज भागिले १०, म्हणजे साधारण ११. पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हरचा मार १डी१०. एका फटक्यात निम्मे किंवा जास्त गेले की गंभीर जखम. ११वाल्याला गोळी लागली तर ती शक्यता निम्मी. जवळून झाडलेल्या बारा बोअर शॉटगनचे ४डी६, सरासरी १४. कमाल हिट पॉइंटपेक्षा जास्त मार एकदम बसला की पात्र संपलं. लेव्हल नाही, त्यामुळे पुढे जाऊन कातडी जाड होईल ही आशाही नाही.

पण हाच हिशोब खलनायकालाही लागू. पंथाचा म्होरक्या माणूस आहे, दोन गोळ्यांत आटोपतो. म्हणून त्याची ताकद लढाईत ठेवूच नये. तो कोण आहे हे कळायला वेळ लागणं हीच त्याची ढाल. त्याच्यापर्यंत नेणाऱ्या प्रत्येक निष्कर्षासाठी तीन वेगवेगळे धागे पेरावेत, आणि ज्यावाचून गोष्ट अडेल तो धागा कधीही फाशावर सोडू नये. ‘स्पॉट हिडन’चा (लपलेलं शोधण्याचा) रोल फसला आणि डायरी सापडलीच नाही, की पुढचे दोन तास सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. आणि खुद्द कथुल्हू, या कथांमधला महाकाय राक्षसी देव? त्याला नुसतं पाहिलं तर सॅनिटीतून (पात्राच्या मानसिक तोलाच्या गुणांतून) १डी१० जातात, तेही रोल यशस्वी झाल्यावर. फसला तर १डी१००. हिट पॉइंट मोजायची वेळ सहसा येत नाही.

ब्लेड्स इन द डार्क

चोरांच्या टोळीचा २०१७चा हा खेळ शस्त्राला आकडाच देत नाही. मोहिमेला निघताना ओझं ठरवायचं, हलकं ३, मध्यम ५ किंवा जड ६. त्यात काय होतं ते गरज पडेल तेव्हा जाहीर करायचं. जेवढे फासे मिळतील तेवढे डी६ टाकून सर्वांत मोठा बघायचा: ६ म्हणजे जमलं, ४-५ म्हणजे जमलं पण किंमत मोजा, त्याखाली पंचाईत. खलनायक हा एकटा माणूस नसून त्याची टोळी, आणि तिचा बेत हाणून पाडणं म्हणजे आठ घरांचं घड्याळ (घराघरांत विभागलेलं वर्तुळ) भरणं. साधा परिणाम दोन घरं भरतो, म्हणजे चार चांगल्या चाली. सगळ्यात जास्त गफलत धोका आणि परिणाम एकच समजण्यात होते. चाल जिवावरची असूनही परिणाम मोठा असू शकतो. लूट आणि आकडे गोळा करण्यात रमणाऱ्यांना हा खेळ रिकामा वाटेल. त्यांच्यावर लादू नये.

ठरत नसेल तर

चार खेळाडूंच्या नवख्या गटाला माझं मत पाचव्या आवृत्तीच्या बाजूने, पण डीएमला आकडेमोड आवडत असेल तर थेट पाथफाइंडर. त्याचे नियम ‘आर्काइव्हज ऑफ नेथिस’वर फुकट वाचता येतात. सामान दोन्हीकडे तेच, सात फाशांचा संच. ब्लेड्सला पाच-सहा साधे डी६ पुरतात.

तरीही मन हेलकावे खात असेल तर एका संध्याकाळी एकच प्रसंग दोन नियमांत खेळून बघा: अरुंद पूल, पलीकडे खलनायक, मध्ये दोन पहारेकरी, चार तयार पात्रं. प्रत्येकी तीन फेऱ्या. कोणाची खेप आल्यावर बाकीचे पुढे झुकून फासा बघतात आणि कोणाच्या खेपेला मोबाइल बाहेर येतात, एवढंच टिपून ठेवा.