सात वर्षे जुनी हॅचबॅक आणि दोन वर्षांचा हिशेब

ही माझी पहिली गाडी. २०२३ साली घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मीटरवर ६८,००० किलोमीटरची नोंद होती. बाराशे सीसीचे पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर आणि मागे बऱ्यापैकी डिकी असलेली ही छोटी हॅचबॅक माझ्याकडे येऊन आता दोन वर्षे झाली असून या काळात ती २२,००० किलोमीटर धावली आहे. पहिल्या दिवसापासून तिच्यावर झालेला प्रत्येक खर्च मी एका वहीत लिहून ठेवला आणि हा अभिप्राय त्या वहीवरूनच लिहीत आहे. गाडीचे मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे येईल त्यातला बराचसा भाग मॉडेलपेक्षा आधीच्या मालकाने काय केले आणि काय टाळले यावर अवलंबून आहे. रकमाही देत नाही. गाडीची खरेदी किंमत १०० धरली आहे आणि बाकीचे सगळे खर्च त्याच मापात मांडले आहेत, म्हणजे कोणालाही ते आपल्या व्यवहाराशी ताडून पाहता येतील.

गाडी पाहायला पहिल्यांदा गेले तेव्हा विक्रेत्याने ती आधीच बाहेर काढून, पुसून उभी केली होती. बॉनेटवर तळहात ठेवला तर ते कोमट लागले. इंजिन गरम असले की जुन्या गाडीचे बरेच दोष झाकले जातात, ही एकच गोष्ट मला त्या वेळी ठाऊक होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते आणि तोपर्यंत गाडी सुरू करू नका, असे सांगून परत आले. विक्रेत्याला ते फारसे रुचले नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन पहिल्याच सेलला सुरू झाले, दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने टकटक झाली आणि थांबली. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे इंजिन ऑइल जाळत असल्याची खूण, दिसला नाही. सकाळी निघणारी थोडी पांढरी वाफ इंजिन तापल्यावर नाहीशी झाली. ती तशीच येत राहिली असती तर इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, सिलिंडरमध्ये उतरत असल्याची शंका घ्यावी लागली असती आणि मी तिथूनच परतले असते.

त्यानंतर विक्रेत्याशी काही संबंध नसलेल्या एका मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. या तपासणीला १ खर्च आला आणि वहीतला सर्वात फायदेशीर आकडा हाच आहे. रंगाची जाडी मोजणारे उपकरण त्याने दारादारावर टेकवत नेले; सगळीकडे शंभर ते दीडशे मायक्रॉन असे कारखान्यातल्या रंगाला साजेसे आकडे येत असताना मागच्या उजव्या दारावर मात्र तीनशेच्या पुढचा आकडा आला. म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेले होते. आकडा हजाराच्या घरात गेला असता तर रंगाखाली पुट्टी भरल्याचे समजले असते. तसे नव्हते, त्यामुळे हे काम ओरखड्यापुरतेच झाले असावे, असे त्याचे मत पडले. स्टेपनीखालची जागा कोरडी आणि गंजमुक्त होती, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तरी त्यावर चिखलाचा डाग नव्हता. पुरात बुडालेली गाडी नेमकी याच दोन ठिकाणी उघडी पडते. दाराच्या रंगाची गोष्ट विक्रेत्याने आपण होऊन सांगितली नव्हती. ती बोलून दाखवल्यावर किंमत इतकी उतरली की तपासणीचा खर्च कित्येक पटींनी वसूल झाला.

मालकी हस्तांतरण आणि कागदपत्रे यांना २ आणि पहिल्या वर्षाच्या सर्वसमावेशक विम्याला ४ खर्च झाले. म्हणजे तपासणीसह १०७ मोजून गाडी माझी झाली, आणि बहुतेक लोक आपले अंदाजपत्रक इथेच संपवतात. मीही तसेच केले होते.

जुनी गाडी विकत घेताना आपण तिची थकबाकीही विकत घेतो, हे मला पुढच्या चार महिन्यांत कळले. गाडी विकायचे मनात आले की मालक मोठे खर्च पुढे ढकलू लागतो. त्यात लबाडी असतेच असे नाही, ज्या गाडीत आपण उद्या बसणार नाही तिला नवे टायर कोण घालील? माझ्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात ४०,००० किलोमीटरपर्यंतचे शिक्के नियमित होते आणि पुढची पाने कोरी होती. ‘सर्व्हिसिंग नुकतेच केले आहे’ असे मला तोंडी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात इंजिन ऑइल बदललेले होते, पण एअर फिल्टर इतका काळा निघाला की मेकॅनिकने तो मला दाखवण्यासाठी बाजूला काढून ठेवला.

या थकबाकीतला सर्वात मोठा आकडा टायरचा, ७. चारही टायरांवर साधारण ४ मिलिमीटर नक्षी शिल्लक होती आणि पुष्कळ देशांत कायद्याने १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा असल्यामुळे ते अजून चालतील, असे मी धरून चालले होते. मेकॅनिकने मला खाली बसवून टायरच्या कडेवरच्या लंबगोल चौकटीत कोरलेले चार अंक वाचायला लावले: २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. गाडीसोबत कारखान्यातून आलेलेच ते टायर होते. नक्षी पुरेशी असली तरी रबर वयाने कडक होते, आणि कडेला नखाने दाबल्यावर केसासारख्या बारीक भेगा उघडत होत्या. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावल्यावर गाडी का घसरते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. जुनी गाडी पाहताना माणसे मीटरचा आकडा दहा वेळा वाचतात, पण हे चार अंक एकदाही वाचत नाहीत.

दुसरा आकडा टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याच खोलात बसलेला वॉटर पंप मिळून ५ लागले. बेल्ट कधी बदलायचा हे कंपन्या किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत सांगतात आणि त्यांतले जे आधी भरेल ते मानायचे असते, कारण गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतच राहते. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालीची जागा एकच असते, त्यांत चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग प्रश्न बेल्टचा न राहता इंजिनाचा होतो. माझे इंजिन त्याच जातीचे आहे. जुना बेल्ट काढून उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी ओळीने तडे दिसले. तो मी घरी आणून ठेवला आहे. बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनात हा ठरावीक खर्च बहुधा नसतो, पण ऑइल वेळेवर बदलले नाही तर साखळीही सैल पडते आणि ती बदलणे बेल्टपेक्षा महाग पडते. गाडी निवडण्यापूर्वी तिच्या इंजिनात काय आहे एवढे विचारून घ्यायला हवे होते. मी विचारले नव्हते.

बाकीचे थोडक्यात सांगते. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क ३, ऑइल व फिल्टरांसह सगळी द्रवे ३, बॅटरी २, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश आणि चाके सरळ रेषेत आणणे (अलाइनमेंट) २, स्पार्क प्लग १. यांतले ब्रेक ऑइल बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ते हवेतली ओल शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सिअस अपेक्षित असतात, तर ठरावीक प्रमाणात ओल शिरल्यावर हीच अपेक्षा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होऊ शकते आणि पेडल पायाखाली मऊ पडते. बॅटरीचे निदान घरच्या घरी झाले: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, माझी १२.१ दाखवत होती. इंजिन सुरू केल्यावर आकडा १४ च्या पुढे गेला, तेव्हा बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक आहे आणि दोष बॅटरीचाच आहे हे ठरले.

थकबाकीची बेरीज २३ झाली. म्हणजे किंमत मोजून झाल्यावर तिच्या जवळजवळ पाव रक्कम अवघ्या चार महिन्यांत गेली, आणि यात बिघाड असा एकही नव्हता. सगळी वेळेवर न झालेली साधी कामे होती. आज मी पुन्हा गाडी घ्यायला निघाले तर हातातल्या रकमेच्या पाचव्या भागाला हात न लावता उरलेल्या रकमेत बसेल तीच गाडी पाहीन, मग ती एक वर्ष अधिक जुनी का असेना.

इंधनाला दोन वर्षांत ३६ लागले. टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर टिपून, पुन्हा काठोकाठ भरून काढलेले पहिल्या तीन टाक्यांचे ॲव्हरेज लिटरला १४ किलोमीटर भरले. प्लग आणि एअर फिल्टर बदलल्यावर, टायरची हवा गाडी थंड असताना भरू लागल्यावर आणि पुढच्या डाव्या चाकाचा अडकणारा ब्रेक मोकळा केल्यावर ते १६ वर गेले आणि तिथेच राहिले. एकूण सुमारे १,४०० लिटर पेट्रोल लागले. डिझेल गाडीत ॲव्हरेज अधिक मिळाले असते, पण माझे रोजचे जाणे-येणे सात-आठ किलोमीटरचे आहे, आणि अलीकडच्या डिझेल गाड्यांतला काजळी अडवणारा फिल्टर एवढ्या छोट्या फेऱ्यांत पुरेसा तापत नाही, त्यामुळे साठलेली काजळी जळून जात नाही आणि तो तुंबतो. थोडे चालवणाऱ्याने इंधनाच्या बचतीसाठी जुने डिझेल घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

विम्याचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता, दावा न केल्याच्या सवलतीमुळे, ३ वर आला. कर्ज मी काढले नाही. जुन्या गाडीवरच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा सहसा चढा असतो, त्यामुळे ज्यांना काढावे लागेल त्यांनी व्याजाची एक वेगळी ओळ या हिशेबात घालावी.

खरा बिघाड एकच झाला, आणि त्यात चूक माझी तसेच एका गॅरेजचीही आहे. दुसऱ्या वर्षी एसी गार हवा देईनासा झाला. जवळच्या गॅरेजने गॅस कमी आहे असे सांगून भरून दिला. गॅस गेला कुठे, हे त्यांनी पाहिले नाही आणि मीही विचारले नाही. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, इंधनासारखा वापरून संपत नाही; तो झपाट्याने कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. दोन आठवड्यांत हवा पुन्हा गरम झाली. मग माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने गॅससोबत रंगद्रव्य सोडले, चार दिवसांनी निळसर दिवा फिरवला, आणि रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात पिवळट हिरवा ठिपका चमकला. खडा लागून पडलेले छिद्र होते. कंडेन्सर आणि दोनदा भरलेला गॅस मिळून ४ गेले, त्यांतले निदान १ तरी वाचले असते.

उरलेल्या नोंदी दोन नियमित सर्व्हिसिंगच्या, ४, आणि पार्किंग, धुलाई, वायपर, पंक्चर वगैरेच्या, ५. सगळे मिळून दोन वर्षांत १८२ खर्च झाले. गाडी आज विकली तर ७८ येतील, असा अंदाज दोन ठिकाणांहून मिळाला. ते वजा करता गाडी बाळगण्याची खरी किंमत १०४ पडली. त्यांत इंधन ३६, थकबाकी २३, किमतीतली घट २२ आणि बाकी सर्व २३. घटीचा आकडा एवढा लहान आहे याचे कारण नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक वेगाने उतरते आणि तो तोटा माझ्या आधीच्या मालकाने सोसला. टायर, बेल्ट आणि बॅटरी यांची थकबाकी पुढच्या दोन वर्षांत पुन्हा येणार नाही, तेव्हा गाडी ठेवणेच मला परवडते.

वाहन म्हणून तिला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. बसण्याची जागा उंच आहे, चारही कोपरे दिसतात, वळण लहान घेते, आणि नव्याने चालवायला शिकलेल्या माणसाला तिचा धाक वाटत नाही. हेडलाइट मात्र अंधूक आहेत. काचा पॉलिश करून घेतल्यावर थोडा फरक पडला, तरी पावसाळी रात्री पुढचे पाहताना डोळे ताणावे लागतात. ऐंशीच्या वेगानंतर टायरचा आवाज आत इतका घुमतो की बोलणे वाढत्या पट्टीत करावे लागते. मागच्या सीटवर तिघे बसू शकतात, पण मधल्याने अंग चोरून बसायची तयारी ठेवावी.

गेल्या महिन्यापासून क्लच पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय गाडी हलत नाही. मेकॅनिकने मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. वेग वाढण्याआधी इंजिनाचे फेरे क्षणभर चढले, म्हणजे क्लचची प्लेट घसरू लागली आहे. अजून चार-पाच महिने निघतील असे तो म्हणतो. वहीत ‘क्लच, ६’ अशी ओळ पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.