पंधरा दिवसांत १.९ सेंटीमीटर

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच वाटेल: मुलाची उंची वाढवून देतो म्हणणाऱ्या केंद्राला दिलेले ५७,७५० रुपये. नोंदणी १,५००, सहा महिन्यांचं पॅकेज ४८,०००, पावडरचे तीन डबे २,७५० प्रमाणे ८,२५०. मी हिशेबनीस आहे. लोकांची बिलं तपासून पोट भरते. हसायचं तर हसा.

मुलगा तेरा वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. बरोबरीची मुलं भराभर उंच होत होती आणि हा आरशासमोर टाचा उचलून उभा राहायचा. हे ज्या आईनं पाहिलंय तिनंच मला शहाणपण शिकवावं.

पहिल्या दिवशी आम्ही संध्याकाळी गेलो. त्यांनी भिंतीला टेकवून, उभा करून उंची घेतली: १४१.३. मग पँटच्या शिवणीपासून जमिनीपर्यंत टेप लावली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पाय ६६, वरचं अंग ७५. प्रमाण बिघडलंय." माझ्या पोटात गोळाच आला. लोंबती जीन्स होती हो! पुढे बालरोगतज्ज्ञांनी जांघेच्या वरचं हाड बोटानं चाचपून, त्याच्या वरच्या कडेपासून मोजलं, तेव्हा पाय ७०.५ भरले. म्हणजे दोन्ही भाग जवळजवळ बरोबरीत, या वयात असतात तसेच. जन्मतः वरचं अंग पायांच्या सुमारे १.७ पट असतं, पाय पुढे हळूहळू बरोबरी गाठतात.

पंधरा दिवसांनी सकाळी आठला बोलावलं. या वेळी टेबलावर झोपवलं, टाचा ओढल्या, कडेच्या पट्टीवर आकडा दाखवला: १४३.२. मी टाळ्या वाजवल्या. पोरगा हळूच म्हणाला, "आई, मागच्या वेळी उभं करून मोजलं होतं ना?" मी त्याला म्हटलं, "गप बस, त्यांना कळतं."

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात, संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर कमी भरतो. झोपवून मोजलं की आणखी थोडं वाढतं. झाले १.९! आणि पंधरवड्याला १.९ म्हणजे वर्षाला सुमारे ४६ सेंटीमीटर. ऐन वयात येताना, सगळ्यात जोराच्या वर्षीसुद्धा मुलगे नऊ-दहा सेंटीमीटरच वाढतात. हा गुणाकार मला जमला नाही! घरी दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची खूण जागची हलली नव्हती. तेव्हा मी चौकटीलाच दोष दिला. पॅकेजचे पैसे त्याच दिवशी भरले.

पोलीस ठाण्यात विचारलं, "हिसकावले का? तुम्हीच दिलेत ना?" ग्राहक तक्रारीसाठी पावती काढली, तर तिच्यावर "सल्ला सेवा, रक्कम परत मिळणार नाही" एवढंच. उंची हा शब्दच नाही. औषधवाल्या खात्यानं सांगितलं, पावडर औषध नाही, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणाले, भेसळ असेल तर बोला. भेसळ कशाची? त्यात मुळात काय आहे तेच कोणी तपासायला तयार नाही! चार फेऱ्या, तीन रजा. एकानं तर मुलाकडे बघून "वाढेल हो" म्हणून फाईल मिटली.

पावतीवर दावा लिहून घ्या. लिहून देत नसतील तर उठा. मोजताना बूट-मोजे काढा, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि दर वेळी तीच वेळ, तीच पद्धत. दोन मापांत सहा महिने तरी जाऊ द्या, त्याआधीचा फरक बहुतेक मोजणाऱ्याच्या हाताचाच असतो. शाळेच्या तपासणीची जुनी कार्डं फेकू नका. आमच्या डॉक्टरांनी तीच आधी मागितली. वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास वाढ सरळ चालू होती. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय अकरा निघालं, म्हणजे वाढायला अजून वाव आहे. याचे बाबाही कॉलेजात गेल्यावर वाढले होते. सासूबाई हे पहिल्यापासून सांगत होत्या, तो भाग सोडून देऊ.

पावडरचा तिसरा डबा सीलबंद आहे. पुरावा म्हणून ठेवलाय. अजून कोणी मागितलेला नाही.